जोडीला

डॉक्टर पारकरबाईंनी गोळी बदलली नाही.
तीच पांढरी, मधोमध रेघ असलेली,
सकाळी नाश्त्यानंतर.
फक्त चिठ्ठीच्या तळाशी, सहीच्या जरा वर,
त्यांनी लिहिलं : दही, घरचं.
आणि त्याखाली : कांदा, लसूण, केळं. कच्चटसर असलं तर बरं.

मी म्हटलं, झोप जाते ती डोक्यातून, बाई, पोटातून नाही.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
भीतीचा गोळा तुमच्या कुठे येतो?

पोटात.

आणि कुणाला सांगायची नसलेली गोष्ट कुठे ठेवता?

सानपाड्याच्या त्या दवाखान्यात
मी पंख्याकडे बघत बसलो,
बावीस महिने पोटात ठेवलेलं मोजत.

त्या सांगत होत्या आतड्यातल्या वस्तीबद्दल,
कोट्यवधींची, बिनभाड्याची,
वरच्या मजल्याशी तिचं काही बोलणं असतं म्हणे.
अभ्यास चालू आहेत, छातीठोक सांगत नाही.
गोळी सोडायची नाही. हे तिच्या जोडीला.
जोडीला, हं. जागी नाही.

मी तुर्भ्याच्या कांदा मार्केटात हिशेब लिहितो.
रोज तीनशे गोण्या जातात माझ्या पेनाखालून,
शर्ट दोनदा धुतला तरी वास राहतो,
आणि वर्षभरात मी एक कांदा चिरलेला नाही.
चहा, बिस्किटं, पाकिटातलं काहीतरी, परत चहा.
आतली वस्ती उपाशी,
आणि मी वर बसून क्विंटलचा भाव लिहितोय.

दह्याला आधी दही लागतं,
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.
पहिल्यांदा डेअरीच्या डब्यातलं घातलं, दूध नुसतं चिकट झालं.
दुसऱ्यांदा दूध कढत होतं, मेले असणार बिचारे.
बिचारे म्हणालो मी. मोठ्यानं.
कुणाबद्दल तरी काही वाटलं, खूप दिवसांनी.

मग वाटी घेऊन खालच्या मढवीकाकूंकडे गेलो.
एकच जिना, चौदा पायऱ्या,
चार महिन्यांत उतरून त्यांच्या दारात थांबलो नव्हतो.
एवढे दिवस कुठे होतास, त्यांनी विचारलं नाही.
"इरजान? घे की.
माझे सासूच्या येलंचा हाय, कंदी तुटला नाय."

उत्साहावर विरजण पडलं, म्हणतात.
दोन वर्षं मी ह्याच वाक्यात राहत होतो.
पण ते पडल्यावर रात्रभर पुढे काय होतं
हे सांगायला म्हण करणारा जागा राहिला नसावा.
मी जागाच असतो.

डबा वायफायच्या पेटीवर ठेवला, तिथे ऊब असते.
दोन वाजता झाकण उघडलं : दूध.
साडेतीनला : दूध. जरासं जड, किंवा माझा भास.
पावणेपाचला ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रक वाजायला लागले,
मी डबा तिरका केला
आणि ते हललं नाही.

बरं वाटतंय, असं मी लिहिणार नाही.
एखादा रविवार अजून भिंतीकडे तोंड करून जातो.
गोळी चालू आहे, आता रिकाम्या पोटी पडत नाही एवढंच.
जेवताना कांदा फोडतो, बुक्कीनं.
झोप साडेचार तास. परवा पाच.
दह्यामुळे, गोळीमुळे, की त्या चौदा पायऱ्यांमुळे,
मी बाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, मलाही नाही सांगता येणार,
आणि पुढची तारीख दिली.

काल दार वाजलं.
मढवीकाकू, हातात माझीच वाटी.
"लगनाला गेल्तू पेनला, आमचा नासला सगला.
तुजेकरं हाय का रं थोरा?"

मी आत गेलो.
चमचा धुतलेलाच होता. परत धुतला,
पुसून कोरडा केला.
दोन चमचे घातले वाटीत,
मग थांबून अजून एक.